ब्लू-रे सोलापुरात चालेल का?

होटगीरोडकर | २३ फेब्रुवारी २००८, रात्री ९:४२

मंडळी, मंगळवारची बातमी वाचली असेलच. तोशिबानं एचडी डीव्हीडी, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची जास्त स्पष्ट चित्राची डिस्क, बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन वर्षांची कुस्ती संपली, सोनीच्या बाजूची तसलीच डिस्क ब्लू-रे उभी राहिली. खरं तर ४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्स या हॉलीवूडच्या सिनेमा कंपनीनं आपण ब्लू-रेबरोबरच जाणार म्हणून सांगितलं, तेव्हाच तोशिबाची पाठ मातीला लागली होती.

आता मुद्द्याचं. घरात १४० डीव्हीडी आहेत, कपाटाच्या दोन फळ्या भरल्यात. नवीन घ्यायची म्हटली की हात आखडतो. उद्या ब्लू-रे आली तर या सगळ्यांना कोण विचारणार? माझं मत विचाराल तर पाच वर्षांत ब्लू-रे घरोघरी दिसेल. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, बरोब्बर पाचपट! पुण्यात एका शोरूममध्ये समुद्राचं काहीतरी लावलं होतं, माशाचे खवले मोजता येत होते. एकदा असं बघितलेला माणूस मागं कशाला जाईल?

बायको म्हणाली, "आपण मासे खात नाही, खवले मोजून काय करायचंय?" हा झाला घरचा कौल. तुमचा सांगा.

बिनधास्त_बाळू | २३ फेब्रुवारी २००८, रात्री ९:५१

आधी लाईट चालू दे मालक. मग ब्लू-रे चालवू.

रेवती_जुळेसोलापूर | २३ फेब्रुवारी २००८, रात्री १०:१५

बाळू +१. शिवाय पाचपट चित्र दिसायला टीव्हीही तसा लागतो ना? आमचा २१ इंची डबा अजून व्हीसीडीलाच (सिनेमाच्या साध्या सीडीला) सुंदर म्हणतोय.

अण्णा_पूर्वभाग | २४ फेब्रुवारी २००८, सकाळी ७:३०

८४ ते ९७ मी पूर्व भागात व्हिडिओ लायब्ररी चालवली, म्हणून चार शब्द.

८२ साली दिल्लीच्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ कॅसेट लावायचा व्हीसीआर. विकत कोण घेणार? आमच्याकडनं रात्रीच्या बोलीवर जायचा. एक टीव्ही, एक व्हीसीआर, चार कॅसेट. पोरगं हातगाडीवर घालून न्यायचं, जोडून द्यायचं, सकाळी परत आणायचं. मागाला सुट्टी असली की आदल्या रात्रीसाठी रांग लागायची. गल्लीतल्या दहा घरांची वर्गणी. पहिला मराठी, मग हिंदी, बारा वाजता तेलुगू. आमच्या भागात घरोघरी तेलुगू बोलतात, त्यामुळं तेलुगू लागला की पेंगणाऱ्या आयाबाया ताठ बसायच्या, आणि चिरंजीवी असला तर पहाटेपर्यंत कुणी उठायचं नाही.

आता बीटामॅक्सची गोष्ट, ती कॅसेटींची अशीच कुस्ती. सोनीनं ती ७५ साली काढली, जेव्हीसीची व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी आली. चित्र बीटाचं उजवं, असं तेव्हाचे जाणकार सांगायचे. माझा मेहुणा आखातातनं बीटाचा व्हीसीआर घेऊन आला, सगळ्या गल्लीत मिरवला आणि दुकानात येऊन म्हणाला, "अण्णा, बीटाच्या कॅसेट दाखवा." माझ्याकडं एकही नव्हती. एकट्यासाठी मी का ठेवू? आणि माझ्याकडं कॅसेट नाही म्हणून दुसऱ्या कुणी बीटा घेतला नाही. तो व्हीसीआर पुढं त्याच्या पोरीच्या रुखवतात मांडला होता.

पहिल्या बीटा कॅसेटीत तासाभराचं मावायचं, व्हीएचएसमध्ये दोन तासांचं. आपल्या सिनेमाला तीन तास लागतात, म्हणून इकडं ई-१८० कॅसेट चालली. सिनेमा एका कॅसेटीत बसला पाहिजे, एवढंच गिऱ्हाइकाचं म्हणणं असायचं. तेरा वर्षांत खवल्यांचं कुणी विचारलं नाही.

बिनधास्त_बाळू | २४ फेब्रुवारी २००८, सकाळी ८:०५

रुखवतात व्हीसीआर!! अण्णा, दंडवत घ्या.

चाळीसवॅट | २४ फेब्रुवारी २००८, सकाळी ११:२०

थोडं तांत्रिक. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. लहर जितकी आखूड तितका प्रकाशाचा ठिपका बारीक. बोरूनं लिहिलं तर पाटीवर चार ओळी बसतात, बारीक टाकानं लिहिलं तर वीस, तसंच हे. एका थरात डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीवर १५, ब्लू-रेवर २५.

गंमत अशी की एचडी डीव्हीडीचाही लेसर निळाच. पण तिच्यात माहितीचा थर डीव्हीडीइतकाच, ०.६ मिलिमीटर आत. म्हणून डीव्हीडीच्याच यंत्रांवर थोडा फेरफार करून ती छापता यायची आणि स्वस्त पडायची. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. ओरखडा तिथपर्यंत लगेच पोचेल म्हणून वर कडक लेप द्यावा लागतो.

तरी महागडी जिंकली. एक मोठं कारण प्लेस्टेशन ३, सोनीचं गेम खेळायचं यंत्र. पोरांनी खेळायला घेतला, त्याच्या पोटात ब्लू-रे प्लेअर आयताच आला. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर हातगाडीवाला पोरगा न बोलावता घरात शिरला.

लूमवाला_७२ | २४ फेब्रुवारी २००८, दुपारी २:१०

काय बोललालाव होटगीरोडकर मालक. तुमच्या होटगी रोडला काय होतंय ते सोलापूर न्हवं. आमच्या कारखान्यात सोळा माग हैत. पोरं संध्याकाळी जाता जाता व्हीसीडी घेऊन जातात. गेल्या वर्षी मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी काढली, तेव्हापासून तर भाड्याचंबी नाव न्हाई. २८ रुपयात सिनेमा कायमचा घरात. आवडला न्हाई तर पाव्हण्याला द्यायचा. ब्लू-रेची एक डिस्क हजाराच्या वर सांगतात. हजारात आमचा माणूस पस्तीस सिनेमे बघतोय की ओ.

राहिलं चित्राचं. व्हीसीडी फाटते, चौकोन चौकोन दिसतात, मध्येच थांबते, तरी माणूस रडायच्या जागी रडतोच.

होटगीरोडकर | २४ फेब्रुवारी २००८, रात्री ९:३०

लूमवाला, होटगी रोडवरही पाणी तुमच्यासारखंच चार दिवसांनी येतं, हलके घ्या.

पण तुमचा हिशेब आजचा आहे. मी २००३ ला डीव्हीडी प्लेअर घेतला तेव्हाही मला वेड्यात काढलं होतं. आज दोन हजारात चिनी प्लेअर पाच स्पीकरांसकट मिळतो. व्हीसीडी तरी आपण हौसेनं थोडीच बघत होतो? एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणजे सिनेमाला दोन नाहीतर तीन डिस्का. खलनायकानं बंदूक रोखली की "कृपया दुसरी डिस्क लावा". ब्लू-रेचा भाव उतरायचाच अवकाश आहे.

@चाळीसवॅट, तो लेप खरंच टिकतो का?

रेवती_जुळेसोलापूर | २४ फेब्रुवारी २००८, रात्री १०:०२

लेपाची परीक्षा आमच्याकडं घ्या. चिरंजीव शेंगाचटणीच्या हातानं डिस्क काढतात आणि बनियनला पुसून परत लावतात. मागं दुरुस्तीवाल्यानं प्लेअर उघडला आणि म्हणाला, वहिनी, आत फोडणीचा वास येतोय.

बिनधास्त_बाळू | २४ फेब्रुवारी २००८, रात्री १०:१०

चटणी कुठली हो वहिनी? तेल जास्त सुटलेली का कोरडी?

रेवती_जुळेसोलापूर | २४ फेब्रुवारी २००८, रात्री १०:१३

उखळात कुटलेली. तेल सुटणारच. मिक्सरमधली असती तर डिस्क वाचली असती. :)

चाळीसवॅट | २४ फेब्रुवारी २००८, रात्री १०:४०

झाला धाग्याचा काश्मीर, चर्चा भलतीकडंच गेली.

होटगीरोडकर, साध्या ओरखड्याला टिकतो. चटणीचं माहीत नाही.

परदेशी_पाखरू | २५ फेब्रुवारी २००८, सकाळी ६:५५

न्यू जर्सीहून. मूळची सोलापूरच्या लष्कर भागातली.

घ्यायच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. मागं भावाला इथून हौसेनं डीव्हीडी पाठवल्या. त्याच्या प्लेअरवर "चुकीचा विभाग" असं लिहून आलं. डीव्हीडीत अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. शेवटी कुणीतरी रिमोटची कसली कसली बटणं दाबून ते कुलूप काढून दिलं. ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. चीन, रशिया आपल्याच गटात. इथं सेलमध्ये डिस्का स्वस्त मिळतात, पण त्या तिकडं उघडणार नसतील तर बॅगेत चकलीचा सोऱ्या आणलेला परवडला.

लूमवाला_७२ | २५ फेब्रुवारी २००८, दुपारी १:३०

म्हणजे पैसे आम्ही द्यायचे आन् कुठं बघायचं ते त्यांनी ठरवायचं. चादर विकताना आम्ही सांगतो का, ही चादर फक्त सोलापुरात पांघरा म्हणून?

शूटिंगवाले_काका | २५ फेब्रुवारी २००८, रात्री ११:१५

उशिरा आलो, लगीनसराई आहे.

ही चर्चा सिनेमावर चालली आहे, पण घरात नवीन यंत्र कशामुळं येतं ते मी बावीस वर्षं बघतोय. लग्नामुळं. ९० च्या सुमाराला लोक विचारायचे, कॅसेट देणार ना? म्हणजे घरात व्हीसीआर नसायचा, लग्न आधी व्हायचं. मग ती एक कॅसेट बघायला कुठंतरी जायचं, नाहीतर अण्णांकडनं व्हीसीआर आणायचा. २००२-०३ पासून सगळे सीडी मागू लागले. जुन्या कॅसेटी सीडीवर करून घ्यायला तर रांग होती. ज्या वर्षी लोकांनी सीडी मागितली त्याच वर्षी प्लेअर खपले. उलटं कधी झालेलं बघितलं नाही.

आजपर्यंत एकाही वरपित्यानं माझ्याकडं ब्लू-रे मागितलेली नाही. मागितली की इथं येऊन सांगतो.

होटगीरोडकर | २६ फेब्रुवारी २००८, रात्री ९:१०

काका, हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. तरी मी पाच वर्षांच्या बोलीवर ठाम आहे. हरलो तर सगळ्यांना हुरडा.

बिनधास्त_बाळू | २६ फेब्रुवारी २००८, रात्री ९:१२

लिहून ठेवलं मालक. २०१३.

---

बिनधास्त_बाळू | १४ एप्रिल २०१३, सकाळी १०:२०

धागा वर काढतोय. हुरड्याचं काय झालं?

लूमवाला_७२ | १४ एप्रिल २०१३, दुपारी १२:४५

एप्रिलात कुठला हुरडा बे बाळू. ऊन बघलालास का?

बाकी माझा हिशेबबी चुकला, कबूल करतो. २८ रुपयाची व्हीसीडी आता पोरं फुकटबी घेत न्हाईत. टीव्हीला मागनं पेन ड्राइव्ह लावतात, एका पेन ड्राइव्हात दहा सिनेमे. एक पोरगं आणतं आणि सोळा मागांवर फिरतंय. ते कुठनं आणतंय ते विचारू नका. ३१ मार्चला शहरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हापासनं केबलवालाबी चित्र स्वच्छ दाखवतोय. डिस्क घालायची तबकडी उघडायचा आवाज घरात ऐकून वर्ष झालं.

शूटिंगवाले_काका | १४ एप्रिल २०१३, रात्री ११:५०

सांगितल्याप्रमाणं हजेरी. पाच वर्षांत ब्लू-रे मागणारे एकूण दोन. एक डॉक्टर होते. दुसऱ्यांनी मागितली, मी करून दिली आणि पंधरा दिवसांनी ते विचारत आले, "काका, ही आमच्या डीव्हीडी प्लेअरवर का लागत नाही?"

होटगीरोडकर | १५ एप्रिल २०१३, रात्री ९:००

हरलो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला भेटू, हुरडा माझ्याकडं.

(प्लेअर घेतलाय मात्र. ११ ब्लू-रे आहेत. बायको अजून खवल्यांवरून बोलते.)

---

मधुरा_आर | ९ मार्च २०२५, दुपारी ४:०५

नमस्कार. मी इथं नवीन. "सोलापूर व्हीसीआर" असं शोधत होते तर हा धागा सापडला, सगळा वाचून काढला, मस्त करमणूक झाली.

आईबाबांच्या लग्नाची १९९१ ची कॅसेट आहे. मे महिन्यात बाबांची एकसष्टी. त्यांना न सांगता ती लॅपटॉपवर घ्यायची आहे. सोलापुरात कुणाकडं चालू व्हीसीआर आहे का? दुकानांत विचारलं तर तिथल्या मुलानं "म्हणजे काय?" असं विचारलं.

चाळीसवॅट | ९ मार्च २०२५, संध्याकाळी ६:३०

सतरा वर्षांनी इथं! मधुराताई, नवीन मिळणं अवघड. व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनंही २०१६ च्या जुलैत काम थांबवलं. जुनाच शोधावा लागेल.

होटगीरोडकर | ९ मार्च २०२५, रात्री ९:१५

अरे वा, धागा जिवंत आहे. मी आता निवृत्त. आणि आता हसू नका, मी ४के ब्लू-रे प्लेअर घ्यायच्या विचारात आहे.

बिनधास्त_बाळू | ९ मार्च २०२५, रात्री ९:१६

हसलो.

लूमवाला_७२ | ९ मार्च २०२५, रात्री ९:४०

मालक, तुम्ही सुधरायचं न्हाई. अहो, सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं त्याच दिवशी तुमच्या डिस्कीचं तेरावं झालं. त्याआधी पोरं पेन ड्राइव्ह तरी आणत होती, आता माग चालू ठेवून मोबाइल उभा करून बघतात. मी शेवटी कारखान्यात पाटी लावली. पाटीचा फोटो काढून त्यांनी स्टेटसला ठेवला.

चाळीसवॅट | १० मार्च २०२५, सकाळी १०:००

होटगीरोडकर, चित्राच्या बाबतीत तुम्ही तेव्हाही बरोबर होतात, आताही आहात. ४के ब्लू-रे २०१६ मध्ये आली. डिस्क ६६ किंवा १०० जीबीची, ठिपके साध्या ब्लू-रेच्या चौपट. सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येते. मोबाइल ॲपवाले ४के म्हणून जे दाखवतात ते साधारण १५ ते २५ च्या घरात. अंधाराचे, धुराचे प्रसंग लावून बघा, फरक पडद्यावर सरळ दिसतो.

पण प्लेअर मिळणार कुठनं? सॅमसंग २०१९ मध्येच बाहेर पडली, २०२४ मध्ये एलजीनंही थांबवलं. कोऱ्या ब्लू-रे डिस्का करणं सोनीनं गेल्याच महिन्यात बंद केलं. जिंकलेली कंपनीच आता आवरतं घेतेय.

परदेशी_पाखरू | १० मार्च २०२५, रात्री ८:२०

मीही आहे अजून. इथं तर नेटफ्लिक्सनं पोस्टानं डीव्हीडी पाठवायचं काम २९ सप्टेंबर २०२३ ला संपवलं. शेवटपर्यंत ते लाल पाकीट माझ्याकडं येत होतं.

आणि होटगीरोडकर, एक चांगली बातमी. ४के डिस्कला विभागाचं कुलूप नाही. माझ्याकडची डिस्क तुमच्याकडं उघडेल. डिसेंबरात येतेय, यादी पाठवा. सोऱ्या आणणार नाही.

रेवती_जुळेसोलापूर | १० मार्च २०२५, रात्री ९:५०

होटगीरोडकर, मी तेव्हा तुम्हाला हसले होते, आता थोडी तुमच्या बाजूला सरकलेय. गेल्या महिन्यात सासूबाईंसाठी एका ॲपवर जुना मराठी सिनेमा लावला. मध्यंतरापर्यंत बघितला आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग लावायला गेले तर सिनेमा ॲपवरून गायब. मुदत संपली म्हणे. सासूबाई विचारतात, "कुणी नेला?" वर्षाचे पैसे भरलेत मी! काय सांगू त्यांना?

चटणी लागलेली डिस्क निदान घरात तरी होती. (चिरंजीव आता बंगळूरला नोकरीला आहेत. चटणी कुरियरनं जाते.)

होटगीरोडकर | ११ मार्च २०२५, सकाळी ८:१०

रेवतीताई, माझं नेमकं हेच म्हणणं आहे. १४० डीव्हीडींतल्या निम्म्या तरी आज कुठल्याच ॲपवर नाहीत. आणि माझा २०११ चा ब्लू-रे प्लेअर त्या सगळ्या अजून वाचतो.

घरोघरी दिसेल असं आता म्हणत नाही. मला एकट्याला पुरेल का, एवढंच विचारतोय.

अण्णा_पूर्वभाग | ११ मार्च २०२५, सकाळी ११:३०

नातवाकडून लिहून घेतोय. एकट्यासाठी दुकानदार ठेवत नाही होटगीरोडकर, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. पण तुम्हाला आता दुकानाची गरज कुठं आहे? न्यू जर्सीची पोरगी आहे की आणून द्यायला. प्लेअर मात्र एकाऐवजी दोन घ्या. एक बिघडेल तेव्हा दुरुस्तीवाला शिल्लक नसेल.

शूटिंगवाले_काका | ११ मार्च २०२५, रात्री १०:४५

मधुरा बाळा, आधी एक काम कर. कॅसेट लगेच कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नकोस. खिडकीतनं रिळाच्या कडा बघ. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. तशीच चालवली तर व्हीसीआरचं फीत वाचणारं हेडही खराब होतं आणि फीतही ओढली जाते. साफ करून मग चालवायची, मी करून देतो, पैसे नको.

आणखी एक सांगतो, धंद्याच्या विरुद्ध आहे तरी. २००३-०४ मध्ये ज्यांच्या कॅसेटी मी सीडीवर करून दिल्या त्यांनी बऱ्याच जणांनी कॅसेट टाकून दिली. आता त्या सीड्या घेऊन येतात. आमच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत राहून वरचा चंदेरी थर पापडासारखा सुटलाय. काही वाचत नाही. त्याच्या आधीच्या कॅसेटी मात्र बुरशी काढली की चालतात. कॅसेट टाकू नकोस, लॅपटॉपवर घेतलीस तरी.

मधुरा_आर | १२ मार्च २०२५, सकाळी ९:२५

काका, खूप खूप आभार. बघितलं, एका कडेला थोडं पांढरं आहे. तुमच्याकडं घेऊन येते. पण व्हीसीआर?

अण्णा_पूर्वभाग | १२ मार्च २०२५, दुपारी १२:०५

माझ्याकडं आहे. दुकानातला शेवटचा, विकला नाही. दर दसऱ्याला पुसून, हळदकुंकू लावून एकदा चालवतो. काकांनी कॅसेट साफ केली की रविवारी सकाळी ये. त्या दिवशी आमच्याकडं पाणी यायचं असलं तर आदल्या रात्री कळवतो, मग दुपारी ये, कारण पाणी भरताना घरात कुणी कुणाकडं बघत नाही.

कॅसेट व्हीएचएसच आहे ना? बीटा असली तर माझ्याकडं आजही नाही.

मधुरा_आर | १२ मार्च २०२५, दुपारी १२:२०

व्हीएचएसच आहे अण्णा. वर ई-१८० लिहिलंय. रविवारी येते.